पाण्यानं फोड येतात म्हणे

माझ्या सासरी भाजल्यावर पाणी लावत नसत. पाणी सोडून जगातलं दुसरं काहीही लावत. राख, चुना, शेण, गोडं तेल, शाई, गूळ, आणि एकदा तर तंबाखूची थुंकीसुद्धा. ही ऐकीव गोष्ट नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय आणि नाकानं हुंगलंय. भाजलेल्या माणसाचा हात म्हणजे त्या मंडळींना सारवायची भिंत वाटायची. एकानं थर दिला की दुसऱ्याचे हात शिवशिवायचे.

आणि पाणी का नाही, तर पाण्यानं फोड येतात. कुणी सांगितलं? सगळेच सांगतात. कुणी पाहिलं? त्यात पाहायचं काय, सगळ्यांना ठाऊकच असतं. असं बोलणं ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आज एवढ्या वयातही जाते.

माझं माहेर कारंज्याच्या शिवेला लागून. आमचा भाजीचा मळा होता. वांगी, भेंडी, कोथिंबीर, सगळं बाजाराच्या दिवशी डोक्यावरून कारंज्यात जायचं. विहिरीवर मोट चालू असली की पाटानं पाणी घराच्या मागच्या दारापर्यंत यायचं. आई चुलीशी भाजली की उठायची, मागच्या दारी जायची आणि हात पाटात घालून बसायची. आग थांबेपर्यंत बसायची, मग उठून पुन्हा भाकरी थापायची. त्यात शहाणपण काही नव्हतं. पाणी जवळ होतं, हात पोळत होता, एवढाच तिचा हिशेब. गाय उन्हातून आली की पाण्याकडे जाते, तिला कुणी शिकवावं लागत नाही. माझ्या सासरच्या माणसांना मात्र शिकवावं लागत होतं, आणि शिकवणाऱ्याला ती दारात उभं करत नव्हती.

सासर आसेगावच्या अलीकडे, कोरडवाहू शेतीचं गाव. ज्वारी, तूर, कापूस. विहीर खोल, आणि पाणी ओढता ओढता बायांच्या खांद्याचा पार भुगा व्हायचा. मला तर कायम वाटत आलंय की पाण्यानं फोड येतात हा शोध तिथल्याच कुणी आळशी माणसानं लावला असणार, घागर वाचावी म्हणून. पण तसं म्हणायची सोय नव्हती. मी नवी सून, लग्नाला दोन पावसाळे झालेले, कूस अजून उजवलेली नाही. माहेरी वडील गेलेले, भावाचं राज्य आणि भावजयीची सत्ता. परत गेलेल्या बहिणीला तिथं पाटावर बसवून कोण वाढणार होतं?

घरात सासू, सासरे, माझा नवरा आणि एक नणंद. नणंद माझ्याहून थोडी लहान, अबोल, कामाला वाघ. पुरुषांबद्दल फार लिहीत नाही, कारण लिहिण्यासारखं त्यांनी काही केलं नाही. नवऱ्याचा आवाज मला जेवायच्या वेळी तेवढा ऐकू यायचा. सासऱ्यांचाही तेव्हाच.

जगातली मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची, पोळ्याच्या दिवसाची गोष्ट आहे. बैलांच्या शिंगांना रंग लावून झाला होता आणि घरात पुरणाचा स्वयंपाक चालू होता. नणंदेची सोयरीक मानोऱ्याकडच्या एका घराशी जुळत आली होती. मुलगी त्यांनी लांबून, एका लग्नात पाहिली होती. आता दसऱ्यानंतर मुलाची आई स्वतः येणार होती आणि त्यांच्याकडची चाल अशी की मुलीनं सासूसमोर भाकरी थापून दाखवायची. नुसतं रूप पाहून ती बाई हो म्हणणार नव्हती. भाकरी गोल हवी, पातळ हवी आणि तव्यावर टाकताना फाटायला नको. म्हणजे नणंदेचं सगळं भवितव्य तिच्या उजव्या हाताच्या पंज्यावर येऊन बसलं होतं.

आणि नेमका तोच हात भाजला. हरभऱ्याची डाळ शिजली होती, तिचं उकळतं पाणी दुसऱ्या भांड्यात गाळायचं होतं. सासूनं पोरीला घाई केली. पोरीनं फडक्यानं पातेलं धरलं, फडकं ओलं होतं, चटका बसला, पातेलं कलंडलं आणि वाफाळतं पाणी तिच्या उजव्या हातावर आलं. बोटं, पंजा, मनगटापर्यंत. तिनं मोठ्यानं हंबरडासुद्धा फोडला नाही. नुसतं "माय वं" म्हणाली आणि हात छातीशी धरला.

आता कुणाही आईनं काय करावं? माझ्या सासूनं लेकीचा हात धरला आणि चुलीतल्या निखाऱ्यांकडे नेला!

"आन इकडं. धग लागू दे, म्हंजे फोड नाई येनार."

मला आधी कळेचना ती काय करतेय. मग कळलं. जिथं भाजलं तिथं पुन्हा विस्तव दाखवायचा, म्हणजे आतली आग विस्तवाकडे ओढली जाते, अशी त्यांची समजूत. काय बोलावं अशा अकलेला? बुडणाऱ्या माणसाला आणखी थोडं पाणी पाजावं, तशातली गत. पोरगी हात मागे ओढत होती आणि आई मायेनं, अगदी डोळ्यांत पाणी आणून, तो हात पुढे रेटत होती. माया खरी होती, मी नाही म्हणत नाही. पण मायेला डोकं नसलं की ती काय करते ते मी त्या दिवशी पाहिलं.

"आत्याबाई, सोडा तिले!" मी ओरडले आणि पोरीला ओढून मागच्या अंगणात रांजणापाशी नेलं. तांब्यावर तांब्या तिच्या हातावर ओतत सुटले. हात सुजायच्या आत बांगड्या काढायला हव्या होत्या. काचेच्या, सणासाठी आदल्या दिवशीच भरलेल्या, तंग. ओल्या हातानं सरकवत सरकवत काढल्या. दोन मात्र तडकल्या.

सासू मागोमाग आली. आधी पाणी पाहिलं, मग जमिनीवरची काच पाहिली आणि तिनं कपाळावर हात मारला.

"अवं पानी नोको लावू, फोड येतीन! आन सनाच्या दिशी बांगड्या वाढवल्या या बयेनं माह्या लेकीच्या! कुवारनीच्या!"

लेकीचा हात सोलवटून निघायची वेळ आलेली, आणि हिला दोन बांगड्यांचं सुतक. मी पाणी ओतत राहिले. रांजण निम्म्याच्या खाली गेला. पोरीचा थरकाप थांबला, श्वास जागेवर आला. "वयनी, आता बरं वाटून राह्यलं," ती हळूच म्हणाली. तेवढ्यात आतून सासऱ्यांनी विचारलं, "जेवन केवा व्हईन?" बैल सजून दारात उभे होते ना, पोटात कावळे ओरडत असणार बिचाऱ्यांच्या.

संध्याकाळपर्यंत फोड आले. येणारच होते. उकळतं पाणी पडलंय, थट्टा नाही. माझ्या पाण्यानं ते कमी आले, कातडी जागेवर राहिली, हे मला दिसत होतं. पण सासूला फोड दिसले आणि तिचा चेहरा उजळला. लेकीला फोड आले म्हणून उजळला असं कसं म्हणू, पण उजळला खरा. तिचं म्हणणं खरं ठरलं होतं ना!

"पाह्यलं का? मी म्हनत होती. पान्यानंच आले."

शेजारीण धावत आली. या बाईला गावातल्या प्रत्येक दुखण्याचं औषध ठाऊक होतं आणि तिच्या स्वतःच्या घरात कायम कुणीतरी आजारी असायचं. तिनं पदराखालून शाळेतल्या शाईची दौत काढली.

"शाई लाव वं बाई, शाई. शाई थंडी अस्ते."

निळा हात झाला. मग त्यावर राख. आणि राख कोणती? साधी नाही चालत. ज्या चुलीवर भाजलं तिचीच राख, कारण चूल कोपली म्हणून भाजलं, तेव्हा तिचाच अंगारा लावून तिला शांत करायचं. सासूनं आधी चुलीला हळदीकुंकू वाहिलं, हात जोडले, मग चिमटीनं राख काढून तेलात कालवली. पोरगी तोवर ओठ चावत बसलेली. आधी चुलीची समजूत, मग पोरीची. तेही एक वेळ मी गिळलं असतं. पण लेप घालून झाल्यावर सासूनं पोरीची बोटं मिटवली, हाताची मूठ केली आणि वरून लुगड्याची पट्टी करकचून बांधली. "वारा नोको लागाले," म्हणे.

तशी मूठ मी आधी पाहिली होती. माहेरी आमच्या मळ्याच्या वाटेवर एक बाई राहायची. लहानपणी हात भाजलेला, कुणीतरी असाच मिटवून बांधलेला. पट्टी सोडली तेव्हा बोटं एकमेकांना जुळून गेली होती. तिचा तळहात कधी सपाट उघडला नाही. तिची भाकरी एका बाजूनं जाड यायची आणि तिचा नवरा ती ताटासकट अंगणात फेकायचा, हे मी स्वतः पाहिलंय. माझ्या नणंदेचीही तीच गत होणार, एवढं मला लख्ख दिसत होतं. हात गेला की सोयरीक गेली. सोयरीक गेली की ही पोरगी या घरात जन्मभर मुठीनं शेणी थापत बसणार.

"आत्याबाई, बोटं जुळतीन तिची. मूठ नोका बांधू," मी म्हणाले.

सासू माझ्याकडे वळली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती अगदी शांतपणे बोलली.

"आता जर का माह्या लेकीच्या हाताले तू पान्याचा थेंब लावला, तं बंडी जुपून तुले कारंज्याले नेऊन घालते. मंग बस तिथीसा भेंड्याले पानी पाजत. लेकराचं तोंड तं दाखवलं नाई अजून, चालली शिकवाले."

नवरा तिथंच भिंतीला टेकून सुपारी कातरत होता. त्यानं मान वर केली नाही. मी त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कधी कशासाठीही पाहायचं नाही असं ठरवलं.

पण मीही मळ्यातली होते. भ्यायले, आणि तरी केलं. दुसऱ्या दिवसापासून मी आणि नणंद शेतावर भाकरी घेऊन जायला लागलो. एरवी मी एकटी जायची. "हिचा हात चुलीपासून दूर बरा राहीन," असं मी म्हटलं. सासूला ते आपलंच म्हणणं वाटलं असावं, तिनं जाऊ दिलं. वाटेत पळसाच्या झाडीआड आम्ही बसायचो. पट्टी सोडायची, राखेचा तो चिखल पाण्यानं अलगद धुवायचा. पहिल्या दिवशी शाई आणि राख मिळून जे काही निघालं ते पाहून मला ओकारी आली. फोड मी फोडले नाहीत. जे आपोआप फुटले होते त्यांच्यावर स्वच्छ चिंधी ठेवली. नवऱ्याचं एक जुनं धोतर मी फाडलं होतं, त्याच्या पट्ट्या उकळून कडक उन्हात वाळवलेल्या. बाळंतिणीच्या चिंध्या आई तशाच उकळायची, म्हणून मीही उकळल्या. त्या माणसाचा त्या प्रकरणात तेवढाच उपयोग झाला.

एकेका बोटात एकेक पट्टी, म्हणजे बोट बोटाला शिवणार नाही. मग पोरीला सांगायची, उघड हात. ती उघडायची आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं.

"वयनी, लय आग होऊन राह्यली वं."

"होऊ दे. उघड. मीट. आता पुन्ना उघड."

मी निष्ठुरपणे बोलायची. मला तिची दया येत होती आणि दया आली की मला राग येतो, माझा स्वभावच तसा. ती रडत रडत उघडायची, मिटायची. एकदाही नको म्हणाली नाही. अगदी घर जवळ आलं की आम्ही वरून सासूची पट्टी, दिसायला जशीच्या तशी पण आत सैल, बांधायचो आणि पट्टीवर, बाहेरून, पुडीत आणलेली राख चोळायचो. हात आत स्वच्छ आणि राख बाहेर. ही युक्ती नणंदेची. मला सुचली नव्हती. मला वाटलं, पोरीला सुचून सुचून एवढंच सुचलं.

संध्याकाळी सासू पट्टी हुंगायची, राखेचा वास आला की समाधानानं मान हलवायची. आत काय आहे ते तिनं एकदाही सोडून पाहिलं नाही. पाहायची गरजच काय होती? राख लावलेली आहे म्हटल्यावर हात बरा होणारच. शेजारीण रोज नवं काहीतरी सुचवायला यायची आणि सासू तिला अभिमानानं सांगायची, "आता काई नोको. चुलीनं ऐकलं आमचं."

हात बरा होत गेला. नवी कातडी आली, गुलाबी, पातळ. मनगटाजवळ एक डाग राहिला. बोटं पाची सुटी, पंजा सपाट. पट्टी कायमची सोडली त्या दिवशी सासूनं चुलीपुढे नारळ फोडला. खोबरं गावभर वाटलं. मलाही दिलं. मी ते दोन्ही बैलांना घातलं, पोळ्याच्या दिवशी माझ्यामुळे जेवायला उशीर झाला होता त्यांना.

दसऱ्यानंतर मानोऱ्याकडची दमणी दारात येऊन थांबली. मुलाची आई उतरली. उंच, जाडजूड, नाकात मोठी नथ, आणि नजर अशी की घरात शिरताना तिनं उंबरठ्याचं लाकूडसुद्धा पारखलं. चहापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग परात, पीठ आणि पाणी पुढे आलं. नणंदेनं भाकरी थापली. मी दाराआड उभी होते. पंजा परातीवर फिरत होता, भाकरी वाढत होती, कड कुठं फाटत नव्हती. तिनं ती उचलून तव्यावर टाकली. अखंड.

बाई खूश झाली. मग तिची नजर मनगटावर गेली.

"हात दाखव पोरी. भाजलं होतं वाट्टे?"

नणंदेनं हात पुढे केला. बाईनं बोटं एकेक करून उघडली, मिटवली. बाजारात गाय घेणारासुद्धा इतकं पाहत नाही.

"साजरा बरा झाला. काय लावलं होतं? कोन्या बयेनं पानी तं नाई लावलं? आमच्याकडं पान्याचा थेंब लावू देत नाई कोनी."

म्हणजे तिथंही तेच! मी मनात म्हटलं, सांग आता. सगळ्यांसमोर सांग या म्हसोबांना. ही बोटं कशी वाचली ते तुझ्या तोंडून एकदा यांच्या कानात पडू दे. मी दाराआडून एक पाऊल पुढेच आले. नणंदेनं माझ्याकडे पाहिलं, सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं, आणि म्हणाली,

"राख. मायनं चुलीची राख लावली."

सासूची छाती फुगली. "आमच्या चुलीची राखच तशी हाय," ती म्हणाली. सोयरीक तिथल्या तिथं पक्की झाली. जाताना मुलाच्या आईनं त्या राखेची पुडी मागून घेतली आणि डोळ्यांना लावून कमरेला खोचली. माणसं इतकी मूर्ख असू शकतात याचा मला तोवर अंदाज होता, पण खात्री नव्हती.

दमणी गेली. सासू शेजारणीकडे बातमी सांगायला पळाली. मी नणंदेला चुलीपाशी गाठलं. ती घरच्यांसाठी भाकरी करत होती.

"काहून वं? राख काहून म्हनलं? पह्यल्या रातीनंतर तुह्या हाताले राख लागली तरी होती का? चिंधीले लागली होती. इतले दिवस मी जीव मुठीत धरून तुले झाडीत नेली, आन तू त्या बुढीच्या पदरात सगळं घालून मोकळी झाली?"

"आस्ते बोल, वयनी."

"नाई बोलत आस्ते. तुह्या सोयरिकीसाठी बोलली ना तू?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती रागावली नव्हती. मला समजायला वेळ लागतोय, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

"सोयरीक दुसरी आली असती वं. पानी म्हनलं असतं, तं मायनं आज सांजेलेच तुह्यासाठी बंडी जुपली असती. आन दादा सुपारी कातरत बसला असता. मंग थो वाचलेला हात घेऊन मी काय केलं असतं?"

त्या घरात डोकं असलेली मी एकटीच, असं मी आल्या दिवसापासून धरून चालले होते. आणि इतके दिवस झाडीआड, हात पोळत असताना, डोळे गळत असताना, ही पोरगी माझी काळजी करत होती.

तिनं तव्यावरची भाकरी उलथली. "तू जेवली नाई सकायपासून," ती म्हणाली, आणि ती पहिली भाकरी तिनं माझ्या ताटात वाढली.